किल्ली

टँकरच्या डॅशबोर्डखाली, साबणवडीएवढी
एक पेटी. पेटीत एक फाइल. फाइलीत
सारेमा बेटाच्या उत्तरेचं सगळं दूध.
सर्व्हर नाही. दारात बसून
पासवर्ड विचारणारं कुणी नाही.
फाइल खिशात टाकली की बेट खिशात.

आर्दो तेवीस वर्षं हाच रस्ता चालवतो.
गोठ्यापाशी थांबतो, पाइप जोडतो,
मीटर बोलतं, पेटी लिहून घेते:
गोठा एकोणीस, चारशे बारा लिटर, तापमान चार.
आणि तिचं लिहून व्हायच्या आत
तो किल्ली फिरवतो.
डिझेल महाग आहे,
शिवाय त्याचा बाप ट्रॅक्टर असाच बंद करायचा.

सोमवारी फोन. "क्युल्लिकी, तुझी पेटी म्हणते
फाइल नासली. दूध नासलेलं नाही, मी चाखलंय."

रात्री ती टेबलावर उघडून बसले.
बाहेर समुद्र गोठत होता, आवाज करत.
सेटिंगमध्ये कुणीतरी एक ओळ घातलेली:
डिस्कची वाट पाहू नकोस, सांगितलं की झालं समज.
कुणीतरी म्हणजे मीच. गेल्या मार्चमध्ये.
वेग चौपट झाला होता तेव्हा,
आणि ऑफिसात माझ्यासाठी केक आणला होता.

ती ओळ काढली. आता पुन्हा
जुन्या माणसांसारखं:
पान बदलण्याआधी जुनं पान
शेजारच्या वहीत उतरवायचं,
उतरलं ना, असं डिस्कला विचारायचं,
तिनं हो म्हटल्यावरच खऱ्या पानाला हात.
मधेच वीज गेली, तर उठल्या उठल्या
पेटी वही वाचते, जुनं पान जागच्या जागी ठेवते,
आणि अर्धवट काही बोललीच नव्हती असं वागते.
(मला हे जमत नाही. मी अर्धवट बोललेलं
वर्षानुवर्षं तसंच पडून असतं.)

सगळा सी कोड त्या चिपसाठी नव्यानं कंपाइल केला,
नको ते फाटे छाटले, कपॅसिटर डकवला:
किल्ली फिरली तरी दोन सेकंद जीव राहावा.

मग उरल्या दुरुस्त करायच्या ओळी.
गोठा सदतीस, लैसीच्या पुढे, हिल्याबाईंचा.
लिटरचा रकाना नव्वद दिवस रिकामा.
शून्य नाही. रिकामा.
आर्दोला विचारलं, इथं काय भरू?
रिकाम्याला सरासरी मोजत नाही,
शून्याला मोजते, आकडे बदलतील.

तो म्हणाला, ऑक्टोबरात बाईंनी गाई विकल्या.
एक ठेवली, ती भाकड.
"मग थांबतोस कशाला?"
"रिकामं म्हणजे मी गेलोच नाही.
मी जातो. तू शून्य लिही."

पण तीस शून्यं ओळीनं झाली
की गोठा रस्त्यावरून आपोआप वगळला जातो.
तो नियमही माझाच, तीन ओळींचा.
रिकामं, हे रिकाम्याच्या बरोबर आहे का,
असं विचारलं तर पेटी हो म्हणत नाही.
नाहीसुद्धा म्हणत नाही.
नवख्यांना हे शिकवताना मी नेहमी हसते.
त्या रात्री हसले नाही.

शून्यं भरली. नव्वद.
गोठा सदतीस वगळला गेला. ते खरं होतं.

फेब्रुवारीत एक नवीन गोठा आला, ऑफिस म्हणालं,
सदतीस मोकळाच आहे, देऊन टाक.
तक्त्याच्या व्याख्येत मी एक शब्द वाढवला:
एकदा दिलेली किल्ली पुन्हा कुणाला मिळत नाही.
नव्या गोठ्याला एकसष्ट मिळाला.
कारण कुणी विचारलं नाही.

पेटी वेळही लिहिते.
मंगळवारी, शुक्रवारी, लैसीच्या पुढे
इंजिन बंद, पस्तीस-चाळीस मिनिटं.
गोठ्याचा रकाना रिकामा.

ते मी तसंच ठेवलंय.