गोडं पाणी

समन्स आलं तेव्हा मी दापोलीला बदलून गेलो होतो.
पाच वर्षांनी पुन्हा देवगडचं कोर्ट,
तोच पंखा, तोच पिंजरा,
आणि शवविच्छेदनाच्या कागदावर माझीच सही,
जरा तरुण.

प्रेत मिठमुंबरीच्या वाळूत मिळालं होतं.
नाव रेशम. वय चोवीस. लग्नाला चार वर्षं.
केसांत वाळू, कानांत वाळू,
बोटांची कातडी गोधड्या धुतल्यासारखी सुरकुतलेली.
समुद्रात बुडाली, सगळे म्हणाले.
समुद्रावर आळ घ्यायला कुणाची हरकत नसते.

भिवाने मांडीचं हाड कापून दिलं,
मी मगज बाटलीत भरला, वर लाख ओतली,
आणि हवालदाराला म्हटलं,
सासरच्या विहिरीचंही पाणी आण.
तो हसला. पण आणलं.
सात महिन्यांनी कोल्हापूरहून अहवाल:
हाडात शेवाळाचे कण, डोळ्यांना न दिसणारे,
काचेच्या होड्यांसारखे.
खाऱ्या पाण्यातला एक नाही.
सगळे विहिरीतले.

"डॉक्टर," बचावाचे वकील चष्मा पुसत म्हणाले,
"मयत त्याच विहिरीचं पाणी चार वर्षं पीत होती?"
"हो."
"मग प्यायलेल्या पाण्यातून हे कण शरीरात जाऊ शकतात?
हो की नाही?"

मला सांगायचं होतं की
प्यायलेलं पाणी पोटात उतरतं,
हाडात शिरायला आधी ते छातीत भरावं लागतं,
आणि पुढे ढकलायला काळीज
तोवर चालू असावं लागतं.
ती श्वास घेत होती, साहेब,
विहिरीत.

पण पुस्तकात एक ओळ आहे. मीही वाचलेली.
"क्वचित. अगदी थोडे. पण इतके—"
"क्वचित," न्यायाधीशांनी सांगितलं.
टायपिस्टने टिपलं.
"इतके" पंख्याखाली गरगरत राहिलं.

बाहेर पायरीवर तिची आई,
मिटलेली छत्री मांडीवर.
"डाक्टरानू, खारा पाणी नव्हता मां?"
नाही म्हटलं.
"गोडा," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही.
"तिका ल्हानपणापासना तान खूप लागायची."

स्टँडवरच्या हॉटेलात पोऱ्याने
न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.
दापोलीची गाडी लागेपर्यंत
तो तसाच भरलेला होता,
आणि मी दुसरा चहा सांगितला.