तीन हजार दोनशे तीस

वार्डोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य
'येतो' म्हणून निघतो
आणि जानेवारी सरत आला तरी फिरकत नाही.
मग संध्याकाळ झाली हे आम्हाला
हिच्या रडण्यावरून कळतं.

पाचाला पाच कमी असताना
आधी हनुवटी थरथरते,
गुडघे पोटाशी येतात,
मुठी अशा आवळतात जणू कुणी काही हिसकावून नेणार आहे.
आणि मग तो आवाज,
वीतभर छातीतून एवढा,
की खिडकीच्या कडेवरचे कुरव उडून जातात.

मंगळवारी नर्स येते, इंगेब्योर्ग,
बूट दारात काढून, लोकरी मोज्यांवर चालत.
ब्रेड बाजूला सरकवून टेबलावर काटा मांडते.
तीन हजार दोनशे तीस.
जन्मली तेव्हा होती तीन हजार चारशे दहा.
ती गेल्यावर मी फ्रिज उघडला,
वापरून उरलेलं लोण्याचं पाकीट हातात तोलून पाहिलं.
एवढं.
माझ्या मुलीतून एवढं कुठे गेलं?

तोंड लावते, सोडते. लावते, सोडते.
दार किलकिलं करून बघावं
आणि म्हणावं, छे, हे घर नव्हे.
पान्हा छातीत दगड होऊन बसलेला.
पंपाची घरघर अर्धा तास,
बाटलीच्या तळाशी वीस मिलिलिटर,
त्यातले दहा माझ्या खांद्यावर परत.

आई फोनवर म्हणते, तू कोबी खाल्ला असशील.
सासूबाई म्हणतात, बडीशेपेचं पाणी पी.
इंगेब्योर्ग म्हणते, तिसऱ्या महिन्यात आपोआप थांबतं.
आयविन काही म्हणत नाही.
स्वच्छ जमिनीवर व्हॅक्यूम फिरवत राहतो,
कारण त्या आवाजात ती चार मिनिटं गप्प असते.
काल फिरवता फिरवता भिंतीला टेकून तो उभाच झोपला,
यंत्र चालू.

आणि परवा रात्री दोन वाजता मी तिला म्हणाले, गप्प.
माझाच आवाज मला ओळखू आला नाही.
पाळण्यात ठेवलं. दार ओढलं.
उणे नऊमध्ये, स्वेटरवर, पायरीवर बसले
आणि दहापर्यंत मोजायला लागले.
सातावर शेजारचा यालमार फावडं घेऊन आला.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, झोप त्यालाही नसते.
आतला आवाज त्याने ऐकला, मला पाहिलं.
"आण इकडे."

पालथी घातली त्याने हातावर,
पोट मनगटापाशी, डोकं कोपराच्या खळगीत,
लोंबणारे पाय दोन्हीकडे.
"कॉड असाच धरायचा," म्हणाला, "निसटत नाही."
मला हसू आलं, की रडू,
ते ठरायच्या आत तिने ढेकर दिली.
पोटभर जेवलेल्या खलाशाची ढेकर.
यालमारने टोपी काढली.

वीस मिनिटांनी पुन्हा सुरू.
तेव्हा तो आम्हाला धक्क्यावर घेऊन गेला,
त्याच्या बोटीच्या केबिनमध्ये, वासाळ घोंगडीवर,
आणि दोर न सोडता इंजिन चालू केलं.
धड धड धड धड.
फळ्यांतून, माझ्या मांड्यांतून, तिच्या पाठीतून.
पोटात असताना ऐकलेलं काही असेल त्यात,
माहीत नाही.
मुठी सुटल्या. एकेक बोट.
झोपेतच, डोळे मिटलेले,
आमचं भांडण आहे हे विसरून
तिने तोंड लावलं
आणि सोडलं नाही.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
दुखतं, हे कुणी सांगत नाही.

यालमार आमच्याकडे पाठ करून उभा,
काट्याकडे बघत.
"डिझेल आहे," म्हणाला. "सकाळपर्यंत पुरेल."

सकाळ म्हणजे केव्हा,
मी विचारलं नाही.