लाल सूत

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन.
देवळाचे पत्रे तापून कुरकुरतायत.
पाळक पहिल्या उद्गारावर :
ज्यांनी खिळे ठोकले
त्यांना कळत नव्हतं ते काय करतायत,
म्हणून त्यांच्यासाठी क्षमा मागितली.

मला कळत होतं.
चार कोन लाल सूत, डब्याच्या पिशवीत,
जेवणाच्या सुट्टीत.
वजन किती, दुकानदार काय देईल,
तेसुद्धा.

मालकापुढं ओबेद म्हणाला, मी नेलं.
एवढंच.
हप्ता गेला, माग गेला.
आता रात्री एटीएमची राखण करतो
पार्क चौकात.
त्याच्या मागावर मी. चादरीत मोर येतो,
मोराच्या गळ्यापाशी लाल येतं,
तेव्हा धोटा जरा थांबावा वाटतं.
यंत्रमाग आहे, थांबत नाही.

सहा ईस्टर झाले सांगतो सांगतो म्हणत.

आज माझ्याच बाकावर बसलाय,
डोळ्यांत रात्रपाळी.
उपासनेच्या कागदानं वारा घेतोय.
बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
वारा माझ्याकडं येतोय.

ओबेद, म्हटलं, ते सूत...
‘ठावं हाय,’ तो म्हणाला,
‘तवाच ठावं होतं.
चौथा उद्गार चाललाय,
गप बस की.’