मुद्दाम केलेला अंधार

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी अख्खं बेट विझवलं.
परवानगी होती. तीन सह्या, एक शिक्का,
चर्चच्या दारावर आठवडाभर फडफडणारा कागद.
टुम्मासच्या प्राणवायूच्या यंत्रापाशी नर्स बसवली होती,
मासळीच्या कारखान्याने शीतगृहं आधीच कडक गोठवली होती,
आणि बेकरीवाल्या सुन्निवाने विचारलं होतं,
"धड चाललेलं बंद कशाला करायचं, रान्वा?"
पुन्हा उठतं का ते बघायला, मी म्हटलं.
ती नुसती हाताचं पीठ झटकत राहिली.

आमच्या फेरो बेटांत हे सगळ्यात एकटं.
समुद्राखालून तार येत नाही,
शेजाऱ्याकडे वाटीभर उसनं मागायची सोय नाही.
वारा, डोंगरावरचं तळं, बंदरावर दोन डिझेल इंजिनं,
आणि मेंढ्या, ज्यांना वीज लागत नाही.

कागदावर सोपं होतं.
हॉग्नी वर तळ्यापाशी हाताने चाक फिरवून पाणी सोडेल,
लहान टर्बाइन जागं होईल,
त्याचं बोट धरून डिझेल,
मग एकेक गाव, सावकाश,
उपाशी माणसाला पेज पाजावी तसं.
घाईने वाढलं तर पन्नासवरचा काटा कोसळतो
आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

सदतीस मिनिटं कागदाबरहुकूम.
अडतिसाव्या मिनिटाला फोन मेला.
टेकडीवरच्या टॉवरची बॅटरी चार तास टिकते,
असं यादीत होतं.
यादी सहा वर्षांपूर्वीची. बॅटरीही.
टॉवरला वीज हवी, विजेला हॉग्नी हवा,
हॉग्नीला माझा आवाज,
माझ्या आवाजाला टॉवर.
घोडं इथे पेंड खात होतं
आणि आम्ही तीन वर्षं इंजिनाचे बोल्ट मोजत होतो.

खिडकीतून बंदरात एकच दिवा दिसला.
ब्रान्दुरची बोट, पहाटे निघणारी.
धावत गेले, एका पायात बूट सैल.
त्याच्याकडे रेडिओ होता, आणि त्याला हेही ठाऊक होतं
की हॉग्नी व्हॅनमध्ये असाच एक लपवून ठेवतो,
नियमाविरुद्ध,
कुणाला किती मासे लागले ते चोरून ऐकायला.
"बाई म्हणतायत, तीन नंबरची लाइन,"
ब्रान्दुर ओरडला, आणि पुढे एक शिवी,
माझ्या प्रत्येक सूचनेपुढे एक.
चार वाजून सव्वीस मिनिटांनी
सुन्निवाची भट्टी लाल झाली.

राजधानीहून आलेला पोल
रकान्यात 'यशस्वी' लिहू पाहत होता.
मी लेखणी काढून घेतली.
लिहिलं: यंत्रणा उठली,
आम्ही ठरवलेल्या कारणाने नाही.
नव्या बॅटऱ्या मागवा. दोन रेडिओ, रीतसर.
हॉग्नीला दंड करू नका.
आणि ती बोट त्या रात्री समुद्रात असती तर?
तिथे मी जागा कोरी सोडली.

मग बराच वेळ यादी वर-खाली वाचली.
कुठली लाइन आधी, कुठला व्हॉल्व्ह अडतो,
वारा पश्चिमेचा असेल तर काय,
प्रत्येक प्रश्नापुढे, कुणाच्या लक्षात न येता,
माझंच नाव.
तळाशी लिहिलं:
पुढच्या वर्षी मला घरी बसवा.

म्हणून आज मी घरी.
कोट खुंटीला. किल्ली मीच परत केली.
खुर्चीवर तूरी आहे, सव्वीस वर्षांची,
तिला तारीख माहीत नव्हती, वेळ तर नाहीच.
फ्रीज गप्प आहे. हात मांड्यांखाली दाबून धरलेत.
पन्नास मिनिटं. पंचावन्न.
एव्हाना मी दक्षिणेचं गाव उचललं असतं.
दार वाजतं. सुन्निवा, टॉर्च घेऊन.
"जायचं नाही का तुला?"
नाही.

तेवढ्यात खाडीपलीकडे खिडक्या उजळतात,
उत्तरेच्या.
उत्तर आधी?
मी मनात काटा पडायची वाट बघते.
दक्षिण. मग बंदर. मग आमचा फ्रीज,
एकदा खोकून, सुरू.

माझा क्रम नव्हता तो.