सारखाच वेळ

रात्री पावणेदोनला सर्व्हर खाली घेतला.
दत्त नगरात हल्ली दुसरी पाळी नसते,
माग गप्प, म्हणून पतसंस्थेचा पंखा
एवढा मोठ्यानं बोलत होता.
खाली शटरपाशी इरप्पा वॉचमन
कडक भाकरी मोडत होता.
मोडल्याचा आवाज वरपर्यंत.

नवी आवृत्ती आली होती
कुलपांच्या त्या लायब्ररीची,
जिच्या भरवशावर आमचे साडेनऊ हजार सभासद
आणि जिचं नाव त्यातल्या एकालाही ठाऊक नाही.
दुरुस्त्या सात.
पानाची हद्द ओलांडून पुढचं वाचणारा हात आवरला.
पाटी परत देण्याआधी आता पुसून देतात.
दोन मला नीटशा कळल्या नाहीत,
लाज वाटून पुन्हा वाचल्या, तरी नाही.

चौथीपाशी मात्र चष्मा काढून ठेवला.
किल्ली ताडून बघताना
चुकीचं अक्षर भेटलं की काम तिथंच थांबायचं.
लवकर थांबलं, तर सुरुवातच चूक.
उशिरा थांबलं, तर बरंचसं बरोबर.
दार फोडायला नको, आत डोकवायला नको,
बाहेर बसून नुसतं मोजायचं.
दुरुस्ती एवढीच, की आता
चूक असो, बरोबर असो,
शेवटच्या अक्षरापर्यंत जायचं,
सारखाच वेळ घ्यायचा.

मी सातवीत होते.
आमच्या मागाला चार खणांची पेटी,
रंग बदलला की एक जादा खट्‌ वाजायचं.
भिंतीपलीकडे लिंगय्या येमूल
उन्हाळाभर विड्या ओढत ते खट्‌ मोजत बसला,
आणि गड्ड्यावर त्याच्या दुकानात
नायनांचा पट्टा टांगलेला.
बारा लाल, चार पांढरे, एक पिवळा, पुन्हा चार.
पिवळासुद्धा!

नायना भांडले नाहीत.
दोन दिवस माग बंद ठेवला,
जुन्या सायकलची कसलीशी पट्टी कापून आणली,
आणि रंग बदलो न बदलो,
दर फेरीला खट्‌.
दिवसाला एक चादर कमी निघू लागली.
आई म्हणाली, कशाला हा उपद्व्याप?
नायना म्हणाले,
ऐकू दे की त्याला.

अडीचला सगळं वर आलं.
फक्त कुंभारी शाखेचं अंगठ्याचं यंत्र रुसलं,
त्याला जुनीच बोली येत होती.
समजूत काढेपर्यंत चार वाजले.
ही भेग जिनं शोधली तिचं नाव
खाली बारीक अक्षरात होतं.
आडनाव मला उच्चारता आलं नाही.
आठवी दुरुस्ती कुठं तरी असणारच,
अजून कुणी कान लावला नाही एवढंच.

दहाला राजमणी चिलका आली, आठशे काढायला.
विड्या वळून वळून अंगठा गुळगुळीत,
दोनदा लागला नाही.
"बिघडलंय का गं?"
नाही अक्का, काल रात्रीच नीट केलंय.
"मग हळू का झालं?"

तिसऱ्यांदा लागला.
नोटा घेऊन ती भिंतीकडं वळली.
मोजताना ओठ हलवत नाही राजमणी,
बोटंही एका चालीत,
आणि शेवटची नोट संपल्यावरही
थोडा वेळ
तशीच मोजत राहते.