पस्तीस सेंट वर

नागपूरचा मे. सेहेचाळीस डिग्री.
तांडापेठेतली माझी खोली:
खिडकीला गादी, दाराला गोधडी,
भिंतीवर अंड्यांचे ट्रे,
आणि कूलर बंद, कारण माइकला तो
गोरेवाड्याच्या वाघासारखा ऐकू येतो.

गोपिकाबाई निनावे, वय एकोणसत्तर,
भुलाबाईची अकरा गाणी तोंडपाठ.
पुतणी घेऊन आलेली:
"दादा, आत्याचा आवाज धरून ठेवा."
बाईंनी आधी पाणी मागितलं,
मग हेडफोनचा डावा कान
मागं सरकवला, केसांवर.
"दोन्ही कान झाकले का मले
विहिरीत पडल्यावानी वाट्टे, बापा."

पहिल्याच ओळीला लाल दिवा.
गेन खाली आणला. अजून खाली.
उणे बारावर काटा बसवला
तरी भुलोजीचं नाव आलं की
टोक छताला.
"आत्या, जरा हळू."
"हळू कशाले? मागं सोळा माग चालत होते,
त्याच्यावरून गा लागे."

शेवटी मी माइकच हातभर लांब नेला.

रात्री एकटा बसलो, बनियनवर.
पडद्यावर बाईंचा आवाज
हिरव्या अळ्यांसारखा पट्ट्यांमधून सरकत होता.
तानपुरा मीच लावलेला, पांढरी पाच.
बाई कुठंच पांढरीवर नाहीत.
काळी चारवरही नाहीत.
दोन पट्ट्यांच्या फटीत, तिथंच, सारख्या.

माउसनं एकेक सूर धरला आणि
शाळेतल्या पोरासारखा रांगेत बसवला.
मिंडीची वळणं सरळ झाली.
वाजवून पाहिलं. सुरात होतं.
कोणाचं होतं, ते सांगता येईना.

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड. चाळीसेक वेळा.
मग नुसते आकडे वाचत गेलो:
वर पस्तीस. वर चौतीस. वर पस्तीस.
वर पस्तीस सेंट,
अकरा गाण्यांत, चार तासांत,
घामात, चहाच्या आधी आणि नंतर.
चूक इतकी इमानदार नसते.

दुपारी सवयीनं मी एक काम केलं होतं:
शंभर हर्ट्झवर सुरी फिरवून
गल्लीतल्या डीपीची घूं कापली होती.
तीच डीपी, खांबावरची, गंजलेली,
जी मला ऐकू येणं
तिसरी-चौथीतच बंद झालं असावं.

फिल्टर काढला. बाईंना म्यूट केलं.
नुसती घूं वाजवली.
ट्यूनरचा काटा थरथरला, थांबला:
पांढरी पाच, वर पस्तीस.

म्हणजे डावा कान.

सकाळी फोन केला. त्या हसल्या.
"आमच्या मागच्या भिंतीले डीपीच होती ना!
बत्तीस वर्सं. माग भंगारात गेले,
थे काही गेली नाही.
तिले सोडून मंग कोन्त्या सुरात गाऊ?"

मग मी बाईंना हात लावला नाही.
तानपुरा उचलून पस्तीस सेंट वर ठेवला.
घूं परत आणली, उणे बेचाळीसवर,
जिथं ती असून नसल्यासारखी असते
आणि काढली तर खोली पोकळ वाजते.
सातव्या गाण्यात बाई खोकल्यात. ते राहू दिलं.
नवव्यातला खोकला माझा होता. तो कापला.

शनिवारी फाइल पाठवली.
पुतणीचा निरोप आला:
"छान झालंय. मागं थोडी घूं येते का? काढता येईल?"
मी लिहिलं, नाही.

तासाभरानं बाईंचा फोन.
"आयकून राह्यलो होतो रे,
चवथ्या गान्यावर लाइन गेली.
स्पीकर बंद, पंखा बंद,
मागची भित बी गप झाली.
थांब, लाइन आली का सांगतो
कसं झालं थे."