डाव्या पानाचा शेंडा

हुपरीत साडेदहाला वीज जाणार
असं धरूनच चालायचं.
म्हणून मी नवाला बसते
आणि मशीनला सांगते, मराठीतच:
पैंजण. जोडी साठ ग्रॅमच्या आत.
रोज घालायचं, लग्नातलं नव्हे.
पायरी चढताना ऐकू यावं,
पण शेजारच्या खोलीतलं झोपलेलं पोर उठू नये.

चाळीस सेकंदांत चोवीस पैंजणं.
पडद्यावर चांदी अशी लखलखते
जशी मुशीतनं ती कधीच निघत नाही.
आमची निघते अंगावर काळं घेऊन,
मग रिठ्याच्या पाण्यात, ब्रशखाली,
हळूहळू कबूल करते
की आपण चांदी आहोत.

चंपाक्का आमच्याकडं झारण लावते, एकोणतीस वर्षं.
तिच्यापुढं मोबाईल धरला.
चष्मा पदराला पुसून
ती एकेक सरकवत गेली, भाजी निवडावी तशी.
"ह्ये लुगड्यात अडकतंय.
ह्येला टाका कुठं द्यायचा, हवेत?
ह्ये बरं हाय, पण घुंगराला तोंडच न्हाई,
खडा आत जायचा कुठनं?
पाय बघितलाय का कधी तुझ्या यंत्रानं?"
"फोटो बघितलेत की."
"मग त्यो पाय चालत नसंल."

तिची वाक्यं मी जशीच्या तशी टाईप करते.
लुगडं. टाका. खडा. चालणारा पाय.
दुसऱ्या फेरीत पंधरा जगली.

आदगोंडा काकांची पत्र्याची पेटी,
तिच्यात तीनशे अकरा ठसे, सगळे हातानं कापलेले.
दिवाळीनंतर मी एकेकाचा फोटो काढत होते,
काका दारात उभे.
"खाऊ घाल की त्याला. पण
आपल्या ताटातलं उचलून
त्यानं दुसऱ्याच्या पंगतीत वाढू नये."
म्हणून ते फोटो घरच्याच कॉम्प्युटरवर,
आणि इंटरनेटची वायर
खुंटीला टांगलेली.

तिसऱ्या फेरीत खटकलं.
प्रत्येक वेलीवर डावीकडचं पान आखूड,
शेंडा उंदरानं कुरतडल्यासारखा.
चूक हुडकण्यात दुपार गेली.
शेवटी पेटी उपसली,
सत्त्याऐंशी नंबरचा ठसा उन्हात धरला:
पोलादाचा टवका उडालेला,
तांदळाच्या कणीएवढा. डावीकडं.

"पुढचे चाळीस ह्याच्यावरनंच उतरवलेत," काका म्हणाले.
"त्या दिवशी हातोडी चुकली.
दारात कोण तरी काम मागायला आलं होतं,
मी वर बघितलं."
"मग नवा का नाही कापला?"
"माल गुजरीत पोचवायचा होता.
पुढं गिऱ्हाईक तसलंच मागाय लागलं."

कोण आलं होतं, मी विचारलं नाही.
ठशाच्या पाठीवर साल कोरलंय.
वजाबाकी मला येते.

म्हणजे यंत्र शिकलं ते एवढंच:
डावं पान आखूड असतं.
दार त्याला दिसलेलं नाही,
वर बघितलेलं दिसलेलं नाही,
पण न चुकता, चोवीस वेळा,
त्यानं ती जागा दाखवली
जी आम्ही रोज हाताळूनही
पाहिली नव्हती.

"दोन्ही बाजू सारख्या कर",
एवढंच लिहायचं होतं.
लिहिलं, खोडलं.
मग वीज गेली,
तेव्हा कागदावरच
सतराव्या नंबरला गोल केला.

नमुना आठ दिवसांनी झाला. अठ्ठावन्न ग्रॅम.
चंपाक्कानं एकाच पायात घातला,
उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली,
टाच आपटून बघितली.
"चालतंय," म्हणाली. "पान तेवढं लहान झालंय गं."
"राहू दे," मी म्हटलं.

ती पुन्हा चालली, जरा जास्तच लांब.
शेजारच्या खोलीत
काकांची हातोडी थांबली.